ठोकळे की पाटे

पिकअप उंच करायला हवी, यावर दोघा भावांचं एकमत झालं आणि घरातली शांतता तिथेच संपली. ज्या गोष्टीवर दोघांचं मुळातच जमत नसे, तिच्यावरून कधी भांडण होत नसे. दोघं आपापल्या वाटेने जात आणि विषय मिटे. एकमत झालं की मात्र पुढचं पाऊल मिळून टाकावं लागायचं, आणि घोडं पेंड खायचं ते नेमकं तिथे.

दोघांचा कपाटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला करवत आणि रंधे, दुसऱ्या टोकाला पॉलिशचे डबे, मधे उभी-आडवी कपाटं, आणि सगळ्यावर लाकडाच्या भुशाचा एक थर. कपाटं लाकडी असत आणि प्रत्येकाच्या दारावर डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसेल असा आरसा असे. थोरला भाऊ कपाटं करायचा. त्याला घरात आणि बाजारात सगळेच दादा म्हणत. धाकटा ती पिकअपमध्ये घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा.

धाकटा म्हणायचं ते आपलं नात्यापुरतं. त्याची चाळिशी कधीच उलटली होती. लग्न आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं होतं, आणि शेडला लागून असलेल्या घरात दोन्ही वेळचं जेवण दादा-वहिनींच्या टेबलावर चाललं होतं. बाजारात त्याचं नाव 'रिव्हर्स' पडलं होतं, कारण गाडी मागे घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे नाव त्याला आवडायचं. पुढे काय, कोणीही जातो, असं तो म्हणे.

मागे घेण्याला या धंद्यात मोल होतं. शेडच्या दारात दादाने सिमेंटचा एक ओटा बांधून घेतला होता, तो अगदी पिकअपच्या हौद्याच्या उंचीचा. धाकट्याने गाडीचं ढुंगण ओट्याला टेकवलं की कपाटाखाली गोणपाट सारायचं आणि कपाट हौद्यात ढकलायचं. एका माणसाचं काम. दोघांतला जो मोकळा असेल तो ते करून टाकी. त्यामुळे भावाभावांचं बोलणं बंद असलं तरी धंदा बंद पडत नसे; आणि बोलणं बरेचदा बंद असे.

तर झालं असं, की टेकडीवरच्या नव्या वसाहतीत एक दातांच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्या. त्यांनी एकदम दोन कपाटं सांगितली. वसाहत झाली होती, रस्ता व्हायचा होता. पहिलं कपाट घेऊन धाकटा निघाला, आणि अर्ध्या चढावर रस्त्याच्या मधोमध आलेल्या दगडावर पिकअपचं पोट टेकलं. पुढची चाकं अधांतरी, मागची नुसती गरगर. कपाट हौद्यात उभं बांधलेलं, आणि आरसा रस्त्याकडे तोंड करून.

लोक जमले. लोक जमले म्हटल्यावर धाकट्याला वाटलं, आता दोघेचौघे हात लावतील. पण आधी एकाने आरशात बघून भांग नीट केला. मग एका बाईने खांद्यावरची ओढणी दोन्ही बाजूंनी टाकून बघितली. एक गृहस्थ तर आरशाला नाक लावून, ओठ बाजूला ओढून, दातात अडकलेलं काहीतरी काढत बसले, आणि त्यांच्यामागे चक्क रांग लागली. धाकटा गाडीखाली आडवा होऊन कुदळीने माती उकरत होता आणि त्याला फक्त माणसांचे जोडे दिसत होते. एकही जोडा मदतीला हलला नाही. उन्हं कलली तेव्हा कुठे गाडी सुटली आणि कपाट पोचलं.

घरी येऊन त्याने शर्ट झटकला आणि शेडमध्ये जाऊन सांगितलं, की गाडी उंच केल्याशिवाय आपण टेकडी चढणार नाही. दादा म्हणाला, "करू." इथवर सगळं सुरळीत होतं.

"मी येताना गॅरेजातल्या मिस्त्रीशी बोललोय," धाकटा म्हणाला. "सस्पेन्शन लिफ्ट करून घ्यायची. मागचे-पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे, म्हणजे चाकांच्या वरची अख्खी गाडी खालच्या चासीच्या सांगाड्यासकट वर जाते. पोट वर, दगड खाली. विषय संपला."

दादा आरसा बसवत होता. आरसा बसवताना तो कधी मागे वळत नसे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी आरशातूनच बोले. त्यामुळे या घरातली बरीचशी भांडणं आरशातून होत, आणि भांडणाऱ्याला समोरच्याच्या चेहऱ्याबरोबर स्वतःचाही चेहरा बघावा लागे. स्वभावात त्याने काही फरक पडत नसे.

"पाट्यांना हात लावायचा नाही," आरशातला दादा म्हणाला. "पाटे कडक झाले की गाडी उडते. गाडी उडाली की आरसा तडकतो. बॉडी लिफ्ट करायची."

"ठोकळे?"

"ठोकळे. चासी आणि बॉडीच्या मधे. बॉडी वर गेली की चाकांना जागा होते. मग मोठी चाकं घालायची. चाकं मोठी झाली की गाडी आपोआप वर येते, आणि बसायला होती तशीच मऊ राहते."

"अरे, चाकांनी अशी किती येणार वर? पोट चासीचं आहे, ते ठोकळ्यांच्या खालीच राहणार. उंच टोपी घातली म्हणून कोणी उंच होतं का? आणि बॉडीच्या खाली ही एवढी फट दिसेल. आखूड पँट घातल्यासारखी."

"फट कोण बघतंय? लोक आरसा बघतात. तूच सांगितलंस मघाशी."

धाकट्याला हे लागलं. गाडीखाली आपण होतो, दादा नव्हता. "घासलं तर खाली कोण झोपतं, तू का मी?"

"आणि फुटला तर गिऱ्हाईक कोणाला धरतं? तुला का मला?"

दोघांचंही बरोबर होतं, ही यातली खरी पंचाईत. दोघांतला एक जरी मूर्ख असता तरी दुसऱ्याने समजूतदारपणा दाखवला असता. इथे शब्दाने शब्द वाढत गेला. ठोकळ्यांवरून पाट्यांवर, पाट्यांवरून मागच्या वर्षीच्या पॉलिशवर, पॉलिशवरून लहानपणी विकत न घेतलेल्या एका सायकलवर. शेवटी धाकटा म्हणाला, की जन्मात एकदा तरी तू माझं ऐकलंयस का ते सांग, आणि ऐकायचंच नसेल तर वेगळं होऊ या. शेड तू घे, गाडी मी घेतो.

दादाने स्क्रू पिळता पिळता आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "होऊ," तो म्हणाला, आणि पुढचा स्क्रू तोंडातून काढून हातात घेतला.

आता हे वाक्य धाकट्याने याआधीही वापरलं होतं. दर दोन-चार वर्षांनी एकदा तो 'वेगळं होऊ' म्हणायचा, दादा 'मूर्खासारखं बोलू नकोस' म्हणायचा, वहिनी चहा टाकायच्या, आणि गाडं रुळावर यायचं. ते वाक्य होतंच मुळी त्या उत्तरासाठी. 'होऊ' असं उत्तर येऊ शकतं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला, मग काहीतरी काम असल्यासारखा बाहेर गेला आणि बंद पिकअपमध्ये जाऊन बसला.

त्या संध्याकाळी टेबलावर भांड्यांचे तेवढे आवाज होते. वहिनींनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. दोघांनी एकदमच "हो" म्हटलं, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही राग आला. धाकटा पानातल्या घासाकडे बघत होता. वेगळं व्हायचं म्हणजे ही खुर्ची रिकामी होणार आणि आपण कुठेतरी भिंतीकडे तोंड करून जेवणार, हे त्याला आता नीट दिसायला लागलं होतं. त्याला रडू आलं असतं, पण समोर दादा होता.

बोललो आहोत तर निभवायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो खोली बघायला गेला. खोली जिन्याच्या वर होती. खिडकी होती, पण ती उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. मोरीचा नळ गळत होता आणि घरमालकाच्या मते तो मुद्दामच तसा ठेवला होता, रात्री सोबत होते म्हणून.

"माणसं किती?" घरमालकाने विचारलं.

"एक."

"एकच?"

"एकच म्हणजे एक. त्यात काय दोनदा विचारायचं?"

"आणि जेवणाचं?"

धाकट्याने सवयीने दाराची रुंदी हाताने मापली. दार इतकं अरुंद होतं की दादाचं एकही कपाट त्यातून आत गेलं नसतं, आडवं करून नाही आणि तिरकं करूनही नाही. ज्या खोलीत आपल्या घरचं कपाट जात नाही त्या खोलीत आपण काय म्हणून जायचं, असं स्वतःला सांगून तो जिना उतरला. उतरताना त्याला एकदम हलकं वाटलं. दादाकडे जायचं आणि सांगायचं, की तुझे ठोकळे तर ठोकळे, माझी काही हरकत नाही.

सरळ जाऊन असं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माघार घ्यायची आणि ती आपण घेतली असं मात्र दिसू द्यायचं नाही, ही या घरातली जुनी खोड. यांच्याकडे कोणी कोणाची माफी मागत नसे. समोरच्याच्या मनासारखं काहीतरी गुपचूप करून ठेवायचं आणि त्याने ते बघेपर्यंत दुसऱ्या खोलीत बसायचं. धाकट्याने बेत केला. गाडी परस्पर गॅरेजला टाकायची, दादाच्या मनासारखे ठोकळे बसवून घ्यायचे आणि गाडी दारात आणून उभी करायची. दादा बघेल. वहिनी चहा टाकतील. बोलावं कोणालाच लागणार नाही.

गॅरेजात गेल्यावर त्याने ताकाला जाऊन भांडं लपवलं. आधी उन्हाबद्दल बोलला. मग कोपऱ्यात पडलेल्या एका इंजिनाची चौकशी केली, ते कोणाचं आहे, कधीपासून आहे, ते बिचारं वाचणार का. मिस्त्री एका सुट्या चाकावर बसून ऐकत होता. या मिस्त्रीचा एक नियम होता: गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही. एकदा एका नवरा-बायकोला त्याने नुसतं एवढंच सुचवलं होतं, की गाडीचा रंग दोघांनी मिळून ठरवा. त्यांचं भांडण गॅरेजातच संध्याकाळपर्यंत रंगलं आणि शेवटी दोघं मिळून मिस्त्रीवर उलटली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

"ठोकळे घाला," धाकटा शेवटी म्हणाला.

"बॉडी लिफ्ट?"

"हो. आणि मोठी चाकं."

"परवा तर तुम्ही पाट्यांचं विचारत होतात."

"परवाचं परवा."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

"आणि मिस्त्री, मी सांगून गेलो हे दादाच्या कानावर जायला नको."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि गाडीची किल्ली खिशात टाकली.

धाकटा पायी घरी आला. गाडी कामाला टाकलीय एवढंच त्याने भिंतीकडे बघून जाहीर केलं. दादाने काय काम, कोणतं काम, हे विचारलं नाही. तो रंधा मारत होता. तो जरा थांबला आणि पुन्हा मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भलतंच घडलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. दादा दुपारचा कधी शेड सोडत नसे, आणि इस्त्रीचा शर्ट तर तो लग्नकार्यालाही कुरकुरत घालायचा.

"वहिनी, दादा कुठे गेला?"

"मला कुठे सांगून जातात? काचेच्या दुकानात जाऊन येतो म्हणाले."

काचेचं दुकान त्या दिवशी बंद असतं, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं; इतकी वर्षं आरसे तोच आणत होता. दादा खोटं बोलून गेला, तेही कडक शर्ट घालून. म्हणजे दादा नवा ड्रायव्हर बघायला गेला. वेगळं व्हायचं म्हटल्यावर कपाटं पोचवायला कोणीतरी लागणारच. धाकटा ओट्यावर बसून राहिला आणि मनातल्या मनात त्या ड्रायव्हरची मापं काढू लागला: तरुण असेल, गुळगुळीत दाढी केलेला असेल, आणि वहिनींना दोनदा भाजी वाढायला लावेल.

तेवढ्यात खरंच एक तरुण दाराशी आला. "इथे दादांचा कारखाना..." त्याने सुरुवात केली.

धाकट्याने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "रिव्हर्स येतो का?"

"काय?"

"गाडी मागे घेता येते का? ओट्याला लावता येते का, एका झटक्यात, हँडब्रेक न ओढता?"

"मी सायकलवर आलोय," तरुण म्हणाला. "दादांच्या कारखान्यावरून डावीकडे वळा असं मला सांगितलंय. डावी कुठली, एवढंच विचारायचं होतं."

धाकट्याने त्याला चुकून उजवीकडे पाठवलं.

दादा उन्हं उतरल्यावर परत आला. शर्टाच्या बाहीला कसलासा काळा डाग होता. जेवताना त्याने भाजीचं भांडं न मागता धाकट्याकडे सरकवलं. निरोपाच्या माणसाला असंच वाढतात, असं वाटून धाकट्याने ते भांडं परत मधे सरकवलं. पुढचे दिवस त्याने असेच काढले. गाडी नसल्याने काम नव्हतं. तो ओटा झाडायचा, झाडलेला ओटा पुन्हा झाडायचा, आणि ठोकळे बसवलेली गाडी दारात येईल त्या घटकेची वाट बघायचा. त्या गाडीवरच आता सगळी भिस्त होती.

गाडी आली ती सकाळी. आधी आवाज आला, म्हणून दादा शेडमधून आणि वहिनी घरातून बाहेर आल्या. मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कुंपणापलीकडून पिकअपचं टप दिसलं, आणि पाठोपाठ खिडक्या दिसल्या. त्या कुंपणावरून एरवी टपसुद्धा दिसत नसे. गाडी वळून समोर आली तेव्हा तिघांनीही आ वासला. चाकं मोठी होती. चाकांच्या वर पाटे होते, नवेकोरे, काळेशार. पाट्यांच्या वर चासी, चासीच्या वर ठोकळे, ठोकळ्यांच्या वर बॉडी, आणि एवढ्या सगळ्याच्या वर, स्टेअरिंगला धरून, मिस्त्री. तो दार उघडून आधी चाकावर उतरला आणि मग जमिनीवर.

"घ्या," तो म्हणाला. "दोन्ही केलंय."

"दोन्ही?" धाकटा म्हणाला. "मी ठोकळे सांगितले होते."

"हो. आणि दुसऱ्या दिवशी दादा आले. त्यांनी पाटे सांगितले."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा गाडीच्या मागच्या चाकाकडे असा लक्ष देऊन बघत होता, की जणू चाक ही वस्तू त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"मग तुम्ही विचारायचं नाही का?" दादा मिस्त्रीवर घसरला. "दोन माणसं दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर?"

"तुम्ही म्हणालात, मी सांगितलं हे धाकट्याला कळू देऊ नका. हे म्हणाले, दादाला कळू देऊ नका. मी कोणाला विचारायचं?" मिस्त्रीने हात पुसले. "बरं, लोक दोन्ही करतात एकावर एक. चालतं. तुम्हाला नको असेल तर सांगा कुठलं काढू."

"पाटे काढा," धाकटा म्हणाला. "दादाचे ठोकळे राहू देत."

"ठोकळे काढा," दादा म्हणाला. "याचे पाटे ठेवा. घासतं तर खाली तोच झोपतो."

"आणि आरसे फुटले मग?"

"फुटले तर फुटले. माझे आरसे आहेत."

"तुझे कसे? मी आणतो ते."

"मला शिकवू नकोस. पाटे राहणार."

"ठोकळे राहणार. तू म्हणालास म्हणजे राहणार."

आवाज चढले. भांडण तेच होतं, शब्दही तेच होते, फक्त बोलणारी तोंडं बदलली होती; आणि जोर तर पहिल्यापेक्षाही जास्त होता, कारण स्वतःसाठी भांडताना माणसाला निदान थोडी लाज असते. शेजारच्या घरातून दोघं डोकावली. मिस्त्री तर मूग गिळून बसला, नवरा-बायकोचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

"मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या, तसे दोघंही थांबले. "आठवडाभर तुम्ही दोघं माझ्या घरात मुक्याने जेवलात. हे आता बोलताय तेच त्या दिवशी बोलला असतात तर तुमच्या तोंडाला काय झालं असतं?"

"मिस्त्री, तुम्हाला उद्या सांगतो," दादा खालच्या आवाजात म्हणाला, आणि मिस्त्री पडत्या फळाची आज्ञा घेऊन चालता झाला.

"उद्याचं उद्या," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंचं दुसरं कपाट आज जायचंय. त्यांचा दोनदा निरोप येऊन गेला."

धाकटा चाकावर पाय देऊन गाडीत चढला आणि गाडी ओट्याला लावली, एका झटक्यात, हँडब्रेक न ओढता. दादाने गोणपाट घातलं, कपाटाला पाठ लावली आणि ढकललं. कपाट ओट्याच्या कडेपर्यंत गेलं आणि ठप्पकन थांबलं. हौदा ओट्यापेक्षा वीतभर आणि वर चार बोटं उंच झाला होता.

ठोकळ्यांवर भांडले, पाट्यांवर भांडले, घर मोडायला निघाले. पण गाडी वर गेली की ओटा खाली राहणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादाने स्वतः बांधलेला ओटा होता आणि धाकटा रोज त्याला गाडी लावत होता. दोघांनी कपाटाकडे बघितलं, मग ओट्याकडे, आणि मग, नाइलाजाने, एकमेकांकडे.

"एकट्याचं काम नाही हे," दादा म्हणाला.

"नाही."

"तू वर हो. मी खालून देतो."

धाकटा हौद्यात चढला. कपाट घोंगडीत गुंडाळून आडवं केलं होतं. दादाने खालचं टोक उचललं, वरचं टोक हौद्याच्या काठावर आलं आणि धाकट्याने ते धरलं. आता कपाट दोघांच्या मधे तिरकं होतं. त्याचा सगळा भार दादाच्या छातीवर, आणि ओढायचं धाकट्याच्या हातात. दोघांनाही सोडता येण्यासारखं नव्हतं.

"ओढ," दादा म्हणाला.

धाकट्याने ओढलं नाही. आठवडाभर मनात साठलेलं आता बाहेर यायला निघालं होतं आणि ते त्याला थांबवता येईना. "दादा, मी वेगळं होऊ म्हणालो ना, ते माझ्या मनात नव्हतं. कधीच नव्हतं. मी खोली बघून आलो. मला नाही राहता येणार तिथे."

कपाटाखालून जड श्वास ऐकू आला. "बरं. ओढ."

"तू 'होऊ' का म्हणालास?"

"आधी ओढ. मग सांगतो. छातीवर आलंय माझ्या."

"आधी सांग." दादा असा हातात सापडायची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, आणि धाकटा ती सोडणार नव्हता.

मग खालून आवाज आला, दमलेला आणि जरासा ओशाळलेला. "लहानपणापासून तुझं एकच रडगाणं. दादा माझं ऐकत नाही, दादा माझं ऐकत नाही. त्या दिवशीही तेच म्हणालास. म्हटलं, एवढं म्हणतोय तर एकदा ऐकावं तुझं." तो श्वास घ्यायला थांबला. "तुला तेच हवंय असं वाटलं मला. झोप लागली नाही त्या रात्री."

धाकट्याला वरून फक्त दादाची बोटं दिसत होती, कपाटाच्या कडेला धरलेली, भाराने पांढरी पडलेली. त्याचे डोळे भरून आले आणि दोन्ही हात कपाटाला असल्याने ते पुसताही येईनात.

"दादा," तो म्हणाला, "यापुढे माझं ऐकू नकोस."

"नाही ऐकत," दादा म्हणाला. "ओढ आता."

धाकट्याने ओढलं.